वरच्या मजल्यावरून लाइव्ह येणाऱ्या चिरंजीवास

चि. म्युझिक प्रोड्यूसर यास,
अनेक आशीर्वाद.

नावाने हाक मारली नाही म्हणून रागावू नकोस. तू घेतलेल्या नव्या नावात स्वर एकही नाही आणि आकडे तीन आहेत. ते मला टाइप करता येतं, उच्चारता येत नाही. पत्र सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो आहे, कारण तुझी लिंकही तू तिथेच टाकतोस.

आधी अभिनंदन. १,००० फॉलोअर नसतील तर लाइव्ह नाही, असं इन्स्टाग्रामने २०२५ च्या ऑगस्टात ठरवलं, तेव्हा तू खचला नाहीस. फॉलोअर मिळवायला लाइव्ह जायचं आणि लाइव्ह जायला फॉलोअर हवेत, ही अट नोकरीच्या जाहिरातीतल्या अनुभवाच्या अटीची सख्खी बहीण! तू तडक यूट्यूबवर गेलास. तिथे मोबाईलवरून लाइव्ह जायला ५० सबस्क्रायबर पुरतात. पाण्याच्या टँकरच्या मेसेजखाली तू हात जोडून लिंक टाकलीस आणि कोपरखैरण्यातली आपली अख्खी बी विंग धावून आली. पन्नासावा मी. म्हणजे तुझ्या कारकिर्दीत माझंही थोडं भांडवल अडकलं आहे, एवढ्याच अधिकाराने लिहितो.

तुझं संगीत मला दोनदा ऐकू येतं. आधी छतातून, मग दहा-पंधरा सेकंदांनी फोनमधून. लाइव्ह म्हणतात तेही जरा शिळंच असतं, हे तुझ्यामुळे कळलं. त्यातून माझीच ख्याती झाली आहे. छतावर किक थांबला की मी कॉमेंट टाकतो, ‘आता ड्रॉप येणार’, आणि तो येतोच. तुझे दोन श्रोते मला जाणकार समजतात. एकाने विचारलं, सर, कोणत्या स्टुडिओत असता? मी लिहिलं, खालच्या.

पण ड्रॉप क्वचितच येतो. ‘आवाज येतोय का? गाईज, आवाज येतोय का?’ यातच तुझा वेळ जातो. अरे, ए विंगलाही येतोय. मग भिंतीवरची दिव्याची पट्टी निळ्याची जांभळी होते. मग लाइक करा, शेअर करा, बेल दाबा, कोलॅबसाठी डीएम करा. मागे एफएल स्टुडिओचा पडदा, आणि तो झाकेल अशा बेताने पुढे तुझं डोकं. पंखा माइकमध्ये घरघरतो म्हणून भर मे महिन्यात तू तो बंद ठेवतोस. रिंग लाइटमध्ये घाम असा चमकतो की काही काम चाललंय असं कुणालाही वाटावं.

जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, तेव्हापासून जगाचं लक्ष नवी मुंबईकडे आहे, असं तुझं मत. त्यांनीही लाइव्ह केलंच की काका, म्हणतोस. केलं ना. २६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवला. पण तिकीट हुकलं म्हणून हळहळणारे लाखो लोक आधी तयार होते. तुझं तिकीट हुकलं म्हणून हळहळणारा अजून माझ्या पाहण्यात नाही.

तुझ्या धंद्यातला खरा दाखला तूच मला लिफ्टमध्ये सांगितला होतास. कॅनडाचा डेडमाऊस २०१२ च्या मार्चमध्ये कॅमेरा लावून तासन्‌तास एक गाणं रचत बसला, रे ब्रॅडबरीच्या ‘द वेल्ड्ट’ या कथेवरून. ख्रिस जेम्स नावाच्या ऐकणाऱ्याने त्यावर शब्द लिहिले, गाऊन ट्विटरवर कळवलं. डेडमाऊसने ते कॅमेऱ्यासमोरच ऐकलं, आणि गाणं त्याच आवाजात बाजारात आलं. मधेच बेल दाबायला सांगत बसला असता, तर त्या पोराला गाणं कळलं कधी असतं? डीजेंचे कार्यक्रम लाइव्ह दाखवणाऱ्या लंडनच्या बॉयलर रूमने तर २०१० मध्ये भिंतीला वेबकॅम चिकटवून सुरुवात केली. दिव्यांच्या पट्टीशिवाय.

आपल्या इमारतीतही असं एकदा घडलं होतं. तू बेसलाइनशी झटापट करत होतास, आईने आत वरणाचा कुकर लावला होता. तिसरी शिट्टी नेमकी चौथ्या मात्रेवर पडली. तू थबकलास. ‘आई, गॅस बंद करू नको!’ म्हणत माइक उचलून आत पळालास. पुढची शिट्टी पकडलीस, कापलीस, पिच उतरवलास, मागे स्नेअर लावून पाहिलास, काढलास, पुन्हा लावलास. ‘अरे, डाळीचा गाळ होईल’ हे आईचं वाक्यही आत गेलं, आणि काय बसलं म्हणून सांगू! त्या सबंध वेळात तू एकदाही ‘लाइक करा’ म्हणाला नाहीस. विसरलास. नऊ जण बघत होते, त्यांचे साठ झाले. एका बाईंनी लिहिलं, आमच्या कुकरची शिट्टी याहून वरच्या पट्टीत आहे, रेकॉर्ड करून पाठवू का?

तुझा ख्रिस जेम्स आला होता रे, बाळा. तू उत्तरही दिलं नाहीस. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ गायब. विचारलं तर म्हणालास, ‘अनप्रोफेशनल वाटत होता, काका.’

प्रोफेशनल म्हणजे काय, तर कॅमेरा सुरू झाला की आईशीसुद्धा इंग्रजीत बोलायचं. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ २०२४ मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलने काढलं, ते मराठीतच आहे, हे तुला मी सांगायला हवं का? रिक्षात ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय.

असो. कामाचं बोलतो. माझ्या मित्राच्या मुलीची हळद आहे, घणसोली गावात. आधी धवलारणी धवले गातील, मग नाचायला काहीतरी हवंच. तुझं नाव मी सुचवलं आहे. मानधनाचं तूच बोलून घे, जेवण त्यांच्याकडे. समोर दोन-तीनशे माणसं असतील आणि सगळी त्याच क्षणी ऐकतील, पंधरा सेकंदांनी नाही. नाही आवडलं तर म्हाताऱ्या बायका तोंडावर सांगतील. तिथे कॉमेंट डिलीट करायची सोय नाही. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री दहाला सगळं बंद करावं लागतं, तेव्हा ‘आवाज येतोय का’ विचारण्यात वेळ घालवू नकोस.

कुकरवालं गाणं घेऊन ये. फाईलही पुसून टाकली असशील, तर आईला पुन्हा कुकर लावायला सांग. तूरडाळ मी पाठवतो.

तुझा,
सहाव्या मजल्यावरचा काका