दहावा ग्रह

पिंपळगाव बसवंतच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे पंचांग टांगलेलं असायचं. त्यातला हर्षल हा ग्रह मला फार आपला वाटे. गुरू, शनी ही मंडळी देवळातली. हर्षल मात्र गल्लीतला. शेजारी त्या नावाचा एक मुलगाच होता आणि तो बाराही महिने वक्री असायचा. पुढे कळलं की ग्रहाचं नाव हर्षावरून आलेलं नाही, आडनावावरून आलंय. 1781 मध्ये विल्यम हर्शेल यांना दुर्बिणीतून हा ग्रह दिसला. साऱ्या जगानं त्याचं युरेनस असं बारसं केलं, तरी आमच्या पंचांगकर्त्यांनी शोधणाऱ्याचंच नाव धरून ठेवलं, त्याला जरा मराठी मुंडासं बांधलं आणि नवग्रहांच्या पंगतीच्या टोकाला पाट मांडून दिला. तेव्हापासून तो आमच्याकडचाच.

हर्शेल घराण्याचा आणखी एका ग्रहाशी संबंध आला, तो मात्र पंचांगात नाही. आपल्याकडे जावयाला दहावा ग्रह म्हणतात. कायम वक्री, कायम पूजेची अपेक्षा, आणि मुक्काम कन्या राशीत. विल्यमचा मुलगा सर जॉन हर्शेल. दक्षिणेचं आकाश मोजायला हा माणूस बाडबिस्तरा घेऊन आफ्रिकेच्या टोकाशी चार वर्षं राहिला. फोटो कागदावर टिकवणारा हायपो त्यानंच हाती दिला. त्याची थोरली मुलगी कॅरोलाइन हिचं लग्न 1852 मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टन-गॉर्डन या लष्करी अधिकाऱ्याशी झालं. बापाला एक ग्रह सापडला होता. लेकाच्या घरी दुसरा मांडव ओलांडून चालत आला.

स्थळ मात्र लहानसहान नव्हतं. जावयाचे वडील लॉर्ड अॅबरडीन लग्नानंतर काही दिवसांतच ब्रिटनचे पंतप्रधान झाले. या नात्याला इंग्रजीत धड शब्द नाही. आपण व्याही म्हणतो आणि मानपानासकट मोकळे होतो. 1854 मध्ये ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरलं. सरकार व्याह्याचं, आघाडीवर जावई, आणि सासरेबुवा सरकारी टांकसाळीचे प्रमुख. म्हणजे हे सगळं तसं घरातलंच. 14 नोव्हेंबरला बालाक्लाव्हाच्या बंदरावर असं वादळ आलं की सैन्याचे थंडीचे कपडे आणलेलं 'प्रिन्स' जहाज मालासकट बुडालं. हवामानावर लिहिणारा सासरा घरी, आणि त्याच हवेत कुडकुडणारा जावई तिकडे. 1855 मध्ये दोन्ही व्याह्यांच्या खुर्च्या गेल्या: एकाची युद्धापायी, दुसऱ्याची प्रकृतीपायी.

जॉन हर्शेलच्या पत्रव्यवहाराची सूची पंधरा हजारांच्या घरात जाते, त्यात या जावयाशी झालेली पत्रंही आहेत. सासरा-जावई पत्रात लिहिणार तरी काय? बापलेक भांडू शकतात, मित्र थट्टा करू शकतात. या दोघांच्या मध्ये एक बाई उभी असते. दोघांचाही जीव तिच्यात, आणि पत्रात तिच्याबद्दल फार लिहिणं दोघांनाही बरं दिसत नाही. मग हवा येते. जगभरच्या सासऱ्या-जावयांनी एकमेकांना जेवढी हवा कळवली असेल, तेवढी कुठल्या वेधशाळेनंही नोंदवली नसेल.

हे मी छातीठोकपणे म्हणतो, कारण असा एक पत्रव्यवहार मी लहानपणी वाचून दाखवला आहे. आजोबा शाळेत विज्ञान शिकवायचे, आत्याचे यजमान, आमचे दाजी, फौजेत. त्यांच्या पत्त्यात गाव नसे, नुसतं '56 एपीओ'. निळं आंतरदेशीय पत्र आलं की आजोबा सुरीनं कड सोडवत, चष्मा पुसत आणि वाचायला मला देत. 'ती. मामांस शि. सा. न. वि. वि.' इथपासून 'हवा थंड आहे' इथपर्यंत यायला दाजींना चार ओळी लागत. पुढे लिहिण्यासारखं असे ते लिहिता येत नसे. आजोबांचं उत्तरही तसंच: द्राक्षाच्या घडात पाणी भरलं, कांद्याचा भाव पडला, निफाडचा पारा पाच अंशांवर आला, बागांतून शेकोट्या पेटवल्या, तरी आपण प्रकृतीस जपावे. निफाडच्या थंडीचा धाक बर्फात उभ्या असलेल्या माणसाला घालताना त्यांचा हात जरासुद्धा अडखळला नाही.

एका वर्षी अधिक महिना आला. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा 11 दिवसांनी तोकडं. ती तूट साठत जाते आणि साधारण 33 महिन्यांनी तिचं व्याज जावयाला मिळतं. आजीनं 33 अनारसे डब्यात भरले, वर पिंपळगावचे बेदाणे घातले, डबा मांजरपाटात शिवून पोस्टानं धाडला. दीड महिन्यानं उत्तर आलं: बेदाणे सुखरूप पोचले, अनारशांचा चुरा सगळ्या बरॅकनं चहाबरोबर खाल्ला. आजीच्या डोळ्यांत पाणी, 33 चा हिशेब राहिला कुठे? आजोबा म्हणाले, "वस्तुमान तेवढंच आहे. वाण पोचलं."

त्याच पत्रात, तळाच्या घडीत, दाजींनी सहज लिहिलं होतं की इथे डाळ काही केल्या शिजत नाही, आणि चहा उकळतो पण तोंड भाजत नाही. मी पुढे वाचू लागलो तर आजोबांनी हात वर केला. ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढून पत्राच्या पाठीवर काहीतरी आकडेमोड केली आणि आत्या माहेरी आलेली होती, तिला 'ताई' अशी हाक मारून एवढंच म्हणाले, "स्वेटर विणतेस तो जाड लोकरीचा कर. बाह्या लांब ठेव."

ते पत्र परवा ट्रंकेत सापडलं. पाठीवर फिकट पेन्सिलीत लिहिलंय: पाणी अंदाजे 88 ला उकळते. 12 गुणिले 300. 3600 मीटर. त्याखाली रेघ, आणि रेघेखाली बारीक अक्षरात: ताईस सांगू नये. खालच्या कोपऱ्यात उत्तराचं कच्चं टिपणही आहे. 'चि. जावईबापूंस अ. उ. आ. इकडे थंडी फार आहे.'