अळी शेजारी, फुलपाखरू आमच्याकडे

पुण्यातल्या बंगलेवाल्या सोसायट्यांत दोन जातीचे लोक राहतात. ज्यांची बाग येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी असं त्यांना स्वतःला वाटतं ते, आणि ज्यांची बाग कुणालाही दिसू नये असं त्यांच्या शेजाऱ्याला वाटतं ते. दुसऱ्यांना आपण दुसरे आहोत याचा पत्ताच नसतो, ही पहिल्यांची खरी पोटदुखी.

आमच्या शेजारचे अण्णा दुसऱ्यांपैकी. आवारात फुटके माठ, स्कूटरचा सांगाडा आणि कमरेएवढं गाजरगवत. ते उपटा म्हटलं तर म्हणतात, "अहो, हे मूळचं अमेरिकेकडचं असलं तरी देशात त्याची पहिली नोंद झाली ती पुण्यातच, 1950 च्या दशकात. तुमची सोसायटी नंतरची. उपरे कोण ते तुम्हीच ठरवा." स्थानिकत्वाचा मुद्दा आला की पुणेकर निरुत्तर होतो.

म्हणून मग जिवंत कुंपण. नर्सरीवाल्यानं आधी कोयनेल दाखवली. पानं कडू, शेळी तोंड लावत नाही. पण आमचा प्रश्न शेळीचा नव्हता. गोल्डन डुरांटा दुभाजकांपासून मंगल कार्यालयांपर्यंत सगळीकडे आहे, त्यामुळे घरी लावला की आपल्याच लग्नात जेवायला आल्यासारखं वाटतं. बोगनवेल दिसायला राजेशाही, पण काट्यांना आपपरभाव नाही. शेजारी आपल्या ओट्यावर चहा पीत बसतो आणि छाटणारा मालक रक्तबंबाळ होतो.

शेवटी मेंदीवर एकमत झालं. आता चर खणायचा कुठे? जाणकार सांगतात, हद्दीपासून फूटभर आत, म्हणजे पलीकडची बाजूही आपल्याच जमिनीत उभं राहून छाटता येते. पण पुण्यात फूटभर जमीन सोडणारा माणूस जन्माला यायचाय. त्यातून मुदतीचा कायदा 1963 चा. दुसऱ्यानं बारा वर्षं उघडपणे, अखंड, आपलीच म्हणून जमीन वापरली की तो तिच्यावर हक्क सांगू शकतो. अण्णांनी तिथे एक माठ जरी सरकवला तरी आमची झोप उडायची. गावाकडे भाऊ भावाचा बांध कोरतो म्हणून आपण हसतो. इथे शिकलेली माणसं खुरपी घेऊन तेच करतात, वर त्याला लँडस्केपिंग म्हणतात. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज गेला, मेंदी पिशवीतच राहिली.

दरम्यान एक घोटाळा झाला. महाराष्ट्रानं 2015 साली निलवंत हे राज्य फुलपाखरू ठरवलं. निळ्याकाळ्या पंखांचं, मोठं, देखणं. सोसायटीनं त्याचा फोटो फाटकावरच्या फलकावर लावला. पण ही निलवंत मंडळी येतात कुठून? अण्णांच्या इडलिंबावरून. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर ती अंडी घालतात, आणि कोवळी अळी दिसते थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी. आमच्या लिंबावर अशी अळी दिसली की माळी औषध मारतो. अण्णांकडे माळीही नाही आणि औषधही नाही.

सर्वसाधारण सभेत प्रश्न निघाला. स्वच्छतेचं बक्षीसही हवं आणि राज्य फुलपाखरूही हवं. बरीच चर्चा होऊन ठराव झाला, की फुलपाखरू सोसायटीच्या सामाईक मालकीचं समजावं आणि अळ्या आढळतील तिथून उचलून अण्णांच्या आवारात सोडाव्यात. ठराव एकमतानं मंजूर झाला. अण्णांनीही हात वर केला होता.