गावरान लूक, दर स्क्वेअर फुटाचा

वऱ्हाडातल्या धनज गावात नव्या घराचा स्लॅब पडला की पुढचा प्रश्न रंगाचा. कारंज्याहून आणलेलं शेडकार्ड घरभर फिरतं. पोराला 'गावरान लूक' हवा असतो: ऊबदार, मातकट, जरा खडबडीत. म्हणजे आजी पांढऱ्या मातीनं पोतारायची तीच भिंत, खाली गेरूचा पट्टा आणि वर पाच बोटांचे फराटे. ती भिंत जेसीबीनं पाडली, कारण सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांपुढं लाज वाटायची. आता तेच फराटे उमटवायला कारागीर फुटावर पैसे घेतो आणि आजी फुकटात चुका काढते, "बाप्पा, हात गोल फिरव ना, सरळ कायले ओढतं?"

सरकारही मागे नाही. 12 जानेवारी 2021 रोजी नितीन गडकरींच्या हस्ते खादी ग्रामोद्योग आयोगाचा शेणापासूनचा 'प्राकृतिक पेंट' बाजारात आला. तेव्हा डिस्टेंपर 120 रुपये लिटर, इमल्शन 225. शेणानं सारवलं तर घर कच्चं. तेच शेण डब्यातून आलं की पर्यावरणपूरक. घरकुलाच्या यादीत मातीची भिंत गरिबीचा पुरावा, शेडकार्डावर अभिरुचीचा.

राहता राहिली ऊब. वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 अंशांकडे धावतो, तिथं भिंतीकडून आणखी ऊब मागणाऱ्याच्या हिमतीला दाद द्यावी. जुनी मातीची जाड भिंत उन्हाळ्यात गार राहायची. नवी फक्त तशी दिसते. कूलरचं बिल कोणत्याही शेडकार्डावर छापलेलं नसतं.