मन जिल्ह्याला, माणूस फडावर

10 ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. सरकारी कॅलेंडरात अगदी पक्का. अडचण एवढीच, की बीडच्या शिरूर कासार तालुक्यात हाच सुमार ऊसतोडीच्या टोळ्या हलण्याचा. दवाखान्यावर ‘ताणतणाव टाळा’चा फ्लेक्स चढतो, तेव्हा वाडीवस्तीवर संसार ट्रॉलीत चढत असतो. अंगावर मुकादमाची उचल, घरी म्हातारी, पोरांची शाळा अर्ध्यावर. ताण टाळायला सवड कुणाला?

सरकारने मात्र हात टेकलेले नाहीत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 चा. 1996 पासून तो जिल्ह्यांकडे निघाला. तालुक्याला येईस्तोवर त्याला दम लागतो, ते सोडा. 2015 मध्ये आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आला. यादीत बीड होतंच. त्यात आशाताईंनी घरोघर जाऊन शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस करायची. गरोदर बाया, लसीकरण, क्षयरोग यांच्या रजिस्टरांत आणखी एकाची भर. झोप लागते का, काळजी वाटते का, हे विचारायला ताई दारात उभी, दाराला कुलूप. उत्तर देणारा पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी फडात भल्या पहाटे मोळ्या बांधतोय.

राज्याची जुनी मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात त्यांतलं एकही नाही. इथली माणसं मुळातच सोशिक, असा हिशेब असावा. जालन्याला मंजुरी मिळाली, तीही बऱ्याच उशिरा. अंबाजोगाईजवळ लोखंडी सावरगावला वृद्ध आणि मानसिक रुग्णांसाठी केंद्र उभं राहिलं, तर 2020 मध्ये त्यालाच कोविड रुग्णालय व्हावं लागलं.

2022 च्या 10 ऑक्टोबरला ‘टेली-मानस’ सुरू झालं. नंबर 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतसुद्धा. योजना खरोखर चांगली. पण मनातलं बोलायला आडोसा लागतो आणि फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, तो नसतो. शिवाय मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाने अंग टाकलं की खाडा. मुकादमाच्या वहीत ‘मन बरं नाही’ला रकाना नाही.

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तर भलताच उदार. कलम 18 सांगतं, उपचार हा हक्क. किमान सरकारी सेवा जिल्ह्यात नसेल, तर जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारच्या माथी. खासगी डॉक्टरची पावती घेऊन हा खर्च कुठल्या टेबलावर मागायचा, हे एखाद्या कचेरीत विचारून बघावं. विचारणाऱ्यालाच आधी तपासून घ्या, असा शेरा पडण्याचा संभव अधिक.