मदरबोर्डाच्या भरवशाची मीमांसा

घरच्या घरी संगणक जुळवू पाहणारा मराठी गृहस्थ प्रोसेसर कोणता घ्यायचा हे एका संध्याकाळी ठरवून मोकळा होतो, कारण प्रोसेसरचा वेग आकड्यांत मोजता येतो आणि आकडा पाहुण्यांना ऐकवता येतो. ग्राफिक्स कार्डाचा निर्णय तर त्याचे बचत खाते त्याच्या वतीने परस्पर घेऊन टाकते. खरी पंचाईत होते ती मदरबोर्डापाशी. प्रोसेसर, मेमरी, डिस्क असे सगळे भाग ज्याच्यावर बसतात, ज्याच्या तांब्याच्या रेघांतून एकमेकांशी बोलतात आणि ज्याच्यामार्फत वीज घेतात, तो हा अनेक थरांचा तक्ता स्वतः मात्र मोजण्याजोगे काहीच करून दाखवत नाही. तो चालू असतो तोवर त्याचे नाव कोणी काढत नाही, आणि तो बंद पडला की दोष आधी वीजपुरवठ्याला, मग मेमरीला, मग महावितरणला, मग त्या दिवशी संगणकाला शेवटचा हात लावणाऱ्या कुटुंबीयाला आणि सर्वांत शेवटी त्याला दिला जातो.

मदरबोर्डाचा भरवसा ओळखण्यातली मूळ अडचण काळाशी निगडित आहे. एखादा मदरबोर्ड भरवशाचा आहे हे तो पाच-सहा वर्षे बिनतक्रार चालल्यावरच कळते आणि तेवढ्या अवधीत तो बाजारातून नाहीसा झालेला असतो. प्रोसेसर ज्या चौकटीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. इंटेलने २०२१ साली १७०० स्पर्शबिंदूंचे सॉकेट आणले आणि २०२४ साली १८५१ बिंदूंचे. एएमडीचे एएम४ हे सॉकेट २०१६ पासून बराच काळ टिकले, तरी २०२२ मध्ये त्याच्याही जागी एएम५ आलेच. म्हणजे ज्या बोर्डाविषयी छातीठोकपणे बोलता येते तो विकत मिळत नाही, आणि जो विकत मिळतो त्याच्याविषयी बोलण्याचा अधिकार अजून कोणालाच प्राप्त झालेला नसतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील विक्रेता मात्र हा अधिकार बिनदिक्कत बजावतो. पंधरा दिवसांपूर्वी दुकानात आलेल्या बोर्डाबद्दल "आजपर्यंत एकही पीस परत आला नाही, साहेब" असे तो सांगतो, आणि ते विधान अक्षरशः खरे असल्यामुळे त्याचा प्रतिवादही करता येत नाही.

प्रत्यक्ष पुराव्याच्या अभावी ग्राहक आधी घराणे पाहतो. भारतातल्या दुकानांत दिसणारे बहुतेक बोर्ड असूस, गिगाबाइट, एमएसआय आणि एसरॉक या चार कंपन्यांचे असतात, या चारही कंपन्यांची मुख्यालये ताइपे आणि तिला लागून असलेल्या नव्या ताइपेत आहेत, आणि चौथी तर २००२ साली पहिलीच्याच पोटातून निघालेली आहे. तरीही यांतल्या एकीचे नाव निघताच कपाळाला आठ्या घालणारा मनुष्य प्रत्येक मित्रमंडळात आढळतो, कारण त्याचा एक बोर्ड कधीकाळी वॉरंटी संपल्यावर लगेच गेलेला असतो. या एका नमुन्यावरून त्याने काढलेला सिद्धान्त पुढे त्याची मुलेही निष्ठेने चालवतात. दुसरा निकष सौंदर्याचा. अलीकडच्या बोर्डांवर चिलखतासारखी आवरणे असतात, रंग बदलणारे दिवे असतात आणि खोक्यावर लष्करी दर्जाचा उल्लेख असतो. कोणत्या लष्कराला टेबलाखाली चमकणाऱ्या जांभळ्या दिव्यांची निकड भासली हे खोक्यावर छापलेले नसते.

विश्वासार्हता वस्तुतः जिथे दडलेली असते तो भाग दिसायला अत्यंत नीरस आहे. कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून तिचा प्रवाह एकसारखा ठेवणारा चिमुकला डबा, हा त्यातला मुख्य. १९९९ नंतरच्या काही वर्षांत तयार झालेल्या असंख्य बोर्डांवरील अशा डब्यांच्या आतला विद्युतवाहक द्रव सदोष निघाला, आत वायू साठला, डब्यांची डोकी फुगली, काही फुटली आणि तपकिरी स्राव बोर्डावर उतरला. दुसऱ्याच्या कारखान्यातून या द्रवाचे सूत्र पळवताना त्यातला काही भाग राहून गेला, अशी कथा तेव्हा प्रसिद्ध झाली होती. ती पूर्णपणे सिद्ध झाली नाही. परंतु जाऊबाईंनी सांगितलेल्या पाककृतीत एक जिन्नस हमखास राहून जातो हा अनुभव घेतलेल्या कोणालाही ती अशक्य वाटणार नाही. त्या काळात भल्याभल्या कंपन्यांचे बोर्ड आजारी पडले, आणि डोके फुगलेले कपॅसिटर काढून नवे डकवणाऱ्या दुरुस्तीवाल्यांना मात्र बरे दिवस आले.

या रोगानंतर चांगल्या बोर्डांवर द्रवाऐवजी घन पॉलिमरचे कपॅसिटर वापरण्याची रीत रुळली. त्यांच्या आयुष्याचा उल्लेख "१०५ अंशांना ५००० तास" असा केलेला असतो, आणि ५००० तास म्हणजे जेमतेम सात महिने हे गणित केल्यावर ग्राहकाला घाम फुटतो. तो पुसायला हरकत नाही. द्रव भरलेल्या जुन्या कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी उतरले की सुमारे दुप्पट होते असा ढोबळ नियम आहे, त्यामुळे ६५ अंशांना तेच ५००० तास ८०,००० होतात, म्हणजे नऊ वर्षे; घन पॉलिमरचे आयुष्य तर थंडाव्यात याहूनही वेगाने वाढते. यावरून एक अप्रिय निष्कर्ष निघतो: बोर्डाचे आयुर्मान जितके ताइपेत ठरते तितकेच ते टेबलाच्या त्या बंद कप्प्यात ठरते, जिथे "दिसायला बरे दिसते" म्हणून संगणक कोंबलेला असतो.

दुसरा नीरस भाग म्हणजे व्हीआरएम, अर्थात विद्युतदाब उतरवणारी यंत्रणा. एसएमपीएस नावाची वीजपुरवठ्याची पेटी १२ व्होल्ट देते आणि प्रोसेसरला लागतात साधारण सव्वा व्होल्ट. पण दाब कमी झाला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह वाढतो, त्यामुळे १२० वॅटच्या प्रोसेसरला सुमारे १०० अँपिअर पुरवावे लागतात. मीटरशेजारचा ३२ अँपिअरचा एमसीबी घरातला फ्रिज, मिक्सर आणि इस्त्री मिळून सांभाळतो, आणि इकडे आगपेटीएवढ्या प्रोसेसरात त्याच्या तिप्पट प्रवाह काही बोटांच्या अंतरावरून शिरत असतो. दाब कमी असल्याने यात भयंकर असे काही नाही. उष्णता मात्र खरी असते. हे काम अनेक समांतर फेजांमध्ये, म्हणजे शाखांमध्ये, वाटून दिले की प्रत्येकीवरचा ताण घटतो, म्हणून खोक्यावर "१२+२+१" अशी क्रिकेटच्या धावफलकासारखी बेरीज छापतात. काही वेळा ही बेरीज एकाच फेजला दोनदा मोजून साधलेली असते, आणि काही बोर्डांवर या भागाला थंडावा देण्यासाठी बसवलेले भव्य आवरण प्लास्टिकचे असून ते उष्णता बाहेर जाऊ देण्याऐवजी जिव्हाळ्याने जपून ठेवते. पाती असलेला साधा, कुरूप धातूचा ठोकळा अशा आवरणापेक्षा शतपटींनी बरा, हे मत येथे कोणताही पर्याय न देता नोंदवले आहे.

एवढी पारख करूनही खात्री मिळते असे नाही. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने जाहीर केले की मदरबोर्डावरील वाहतूक सांभाळणाऱ्या तिच्या नव्या चिपसेटमध्ये डिस्क जोडण्याची काही द्वारे कालांतराने मंदावतील. कारण एका ट्रान्झिस्टरला गरजेपेक्षा जास्त दाब मिळत होता. त्या दुरुस्तीचा खर्च कंपनीने सुमारे ७० कोटी डॉलर सांगितला. जे तिच्या अभियंत्यांना बोर्ड बाजारात येईपर्यंत दिसले नाही, ते ग्राहकाला दुकानाच्या काचेतून दिसायला हवे होते अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल. २०२३ साली एएम५ बोर्डांवर काही प्रोसेसर जळाल्यानंतर एक विशिष्ट दाब १.३ व्होल्टपर्यंत मर्यादित करणारी बायोसची आवृत्ती आली, आणि २०२४ साली इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीसाठीही तसाच उपाय बायोसमार्गेच आला. नियतीने दोन्ही पक्षांच्या अनुयायांना अशी समान वागणूक क्वचितच दिली असेल.

बायोस म्हणजे संगणक जागा होताना बोर्डावरील चिपमधून प्रथम चालणारी आज्ञावली. तिच्या नव्या आवृत्त्या कंपनी जुन्या बोर्डांसाठीही काढते की नाही, हा भरवशाचा एक उत्तम आणि फुकट पडताळता येणारा पुरावा आहे. म्हणूनच बाजारात येऊन वर्ष झालेला, बायोसच्या चार-पाच आवृत्त्या पचवलेला, मधल्या किमतीचा बोर्ड कालच अवतरलेल्या महागड्या बोर्डापेक्षा अधिक शहाणपणाचा ठरतो. आवृत्ती बदलताना वीज गेली तर बोर्ड कायमचा मुका होऊ शकतो, त्यामुळे महावितरणचा देखभालीचा वार टाळून हे कार्य करावे. ज्या बोर्डावर प्रोसेसरशिवायही बायोस पुन्हा भरण्याचे बटण असते, त्याच्या मालकाला वार पाहण्याची गरज उरत नाही.

वॉरंटी बहुधा तीन वर्षांची असते आणि ती मिळवण्यासाठी बिल लागते, खोके लागते, अनुक्रमांकाचे लेबल शाबूत लागते, आणि सॉकेटच्या केसासारख्या पिनांपैकी एकही वाकलेली चालत नाही. त्या पिनांवरचे प्लास्टिकचे काळे झाकण प्रोसेसर बसवताच निरुपयोगी वाटू लागते, म्हणून ते दिवाळीच्या साफसफाईत कचऱ्यात जाते; पुढे बोर्ड परत पाठवताना सेवाकेंद्रातला कर्मचारी नेमके तेच मागतो.

निवडीचा शेवटचा निकष बोर्डावर नसून भिंतीत असतो, आणि तिकडे कोणी पाहत नाही. जुन्या इमारतींतल्या कित्येक सॉकेटांना तिसरे भोक असते पण त्यामागे अर्थिंगची तार नसते. अशा वेळी एसएमपीएसच्या आतील गाळणीमुळे संगणकाच्या धातूच्या पेटीवर २३० व्होल्टचा सुमारे अर्धा दाब तरंगत राहतो. प्रवाह अगदी अल्प असल्याने जिवाला सहसा धोका होत नाही, मात्र स्पर्श करणाऱ्याला झिणझिण्या येतात आणि आतल्या नाजूक भागांना त्या बोलूनही दाखवता येत नाहीत. कपॅसिटर, फेजा आणि बायोस यांवर अनेक रात्री जागवलेला गृहस्थ आपला बोर्ड याच सॉकेटात, तिसरी पिन मोडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डामार्फत जोडतो. झिणझिण्यांची तक्रार आल्यावर वायरमनला बोलावण्याचा विचार घरात निघतो, त्याचा आकार विचारला जातो, आणि मग संगणकासमोर रबरी चप्पल घालून बसायचे असे ठरते.