अडीच बाय साडेतीनची इस्टेट

अमेरिकेतल्या कुठल्याही उपनगरात हा गृहस्थ सापडतो. वय पन्नाशीचं. गॅरेज दोन गाड्यांचं, पण गाड्या बाहेर पावसात भिजताहेत आणि आत खोकी. खोक्यांत बेसबॉल खेळाडूंची कार्डं, एकेक अडीच इंच बाय साडेतीन इंच. "छंद वाटतं?" असं विचारलंत तर तो दुखावतो. त्याच्या लेखी तो पोर्टफोलिओ असतो.

गॅरेजमधला माल म्हणजे त्याची पहिली गुंतवणूक. टॉप्स कंपनीचं १९५२ सालचं मिकी मॅन्टलचं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. ते दुर्मीळ का? तर पोरं मोठी झाल्यावर त्यांच्या आयांनी कार्डं केरात टाकली आणि कंपनीने न खपलेला साठा चक्क अटलांटिक महासागरात बुडवला. हा धडा घेऊन याच्या पिढीने एकही कार्ड टाकलं नाही. आयांनाही तशी ताकीद होती. कंपन्यांनी मात्र बेसुमार छापली. त्यामुळे १९८९-९० ची कार्डं आज सगळ्यांकडे आहेत आणि कोणालाच नको आहेत. त्यातलं एक तो कौतुकाने दाखवतो. फ्लीअर कंपनीच्या १९८९ च्या कार्डावर बिली रिपकेनच्या बॅटच्या बुडाला शिवी लिहिलेली होती, ती तशीच छापून गेली. सभ्य कार्डं रद्दीच्या भावात, शिवीला गिऱ्हाईक!

आता तो शहाणा झालाय, मर्यादित आवृत्तीच घेतो. कार्डावर अनुक्रमांक हवा. सगळ्यात वरचं 'सुपरफ्रॅक्टर', म्हणजे जगात एकच. माइक ट्राउटचं २००९ चं असं सही केलेलं कार्ड २०२० मध्ये ३९ लाख डॉलरच्या वर गेलं, तेव्हापासून याला झोप नाही. पण कंपनीलाही पोट आहे. दुसऱ्या मालिकेत त्याच खेळाडूचं आणखी एक एकमेव कार्ड निघतं. छपाईच्या चार रंगांच्या चार प्लेटाही विकल्या जातात, त्याही प्रत्येकी एकमेव. आमचा गृहस्थ हे सगळं जाणतो आणि तरी घेतो.

मग कार्ड पीएसए या कार्डांचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीकडे परीक्षेला जातं. १० पैकी १० मिळाले तर पेढे, ९ मिळाले तर घरात सुतक. मुलीला गणितात किती पडले, हे त्याला बायकोकडून कळतं.

मॅच तो नेमाने बघतो, पण नजर चेंडूवर नसते, पिचरच्या कोपरावर असते. दुय्यम लीगमधल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांवर त्याने पैसे लावलेले असतात. त्यातल्या एकाने कोपर चोळलं, की याच्या छातीत कळ. कोपराच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया म्हणजे खेळाडूचं वर्ष गेलं आणि याचं निवृत्तिवेतन.

२०२४ च्या नाताळात लॉस एंजेलिसच्या एका अकरा वर्षांच्या मुलाला पाकिटात पिचर पॉल स्कीन्सचं एकमेव कार्ड लागलं. पिट्सबर्ग पायरेट्स या स्कीन्सच्या संघाने त्या बदल्यात तीस वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली. घरच्यांनी नम्रपणे नकार देऊन ते लिलावात ११ लाख डॉलरच्या वर विकलं. त्याच मालिकेची खोकीच्या खोकी आमच्या गृहस्थानेही फोडली होती. त्याच्याकडे जाणार असाल तर हा विषय काढू नका. आणि कॉफीचा कप हातातच धरा. टेबलावर मुलीच्या कॉलेजची फी पसरलेली असते.