खर्जाचं खोकं: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

लागणारं साहित्य: एक हॉल, एक मोठा टीव्ही किंवा प्रोजेक्टर, एक रिसीव्हर, बँकेत थोडी शिल्लक आणि खालच्या मजल्यावर शक्यतो असं कुटुंब, जे वरचेवर गावाला जातं.

प्रथम आपल्याला नक्की काय हवं आहे ते ठरवावं. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढून जाताना छातीत जे धडधडतं तेच घरी हवं असेल, तर पुढे वाचायची गरज नाही. तो दणका बहुतेक ४० हर्ट्झच्या वरचाच असतो. त्यासाठी मंडळाची वर्गणी भरली तरी पुरते. आपण बोलतोय ते त्याच्या खालचं. पियानोची अगदी डावीकडची पट्टी २७.५ हर्ट्झवर वाजते. सिनेमावाले तिच्याही खाली, २० हर्ट्झपर्यंत आणि लहर आली तर त्याहून खाली उतरतात. ‘५.१’ मधला शेवटचा एक, म्हणजे सबवूफर, याच कामासाठी राखून ठेवलेला आहे. शौक जुना आहे. १९७४ साली ‘अर्थक्वेक’ हा चित्रपट आला, तेव्हा थिएटरांत प्रचंड वूफर बसवून प्रेक्षकांना खरोखरच हलवण्यात आलं. हॉलिवूडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरात तर छताचं प्लास्टर डोक्यात पडू नये म्हणून जाळं बांधलं होतं. तुमच्या हॉलमध्ये पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर ही माहिती सध्या घरात कोणाला देऊ नये.

आता शास्त्र. घाबरू नये, थोडंच आहे. सूर एक सप्तक खाली नेला आणि आवाज तेवढाच ठेवायचा म्हटला, की चौपट हवा ढकलावी लागते. म्हणजे ४० हर्ट्झला स्पीकरचा जो कोन निवांत डुलत होता, तो २० हर्ट्झला घामाघूम होतो. त्यातून हॉफमन नावाच्या गृहस्थांचा एक नियम निघतो: लहान खोकं, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतील, कोणते ते तुम्ही निवडा. सबवूफरचा अख्खा बाजार या एका नियमावर उभा आहे. महागडी कंपनी तुम्हाला लहान खोकं आणि खोल खर्ज देते आणि तिसऱ्याची भरपाई विजेने करते. केईएफचा केसी६२ पाहावा: साधारण २५ सेंटिमीटरचा ठोकळा, आत साडेसहा इंची दोन कोन पाठीला पाठ लावून बसवलेले आणि त्यांना हाकायला १००० वॅटचा ॲम्प्लिफायर. दोन्ही कोन एकाच वेळी विरुद्ध दिशांना ढकलत असल्यामुळे ठोकळा जागचा हलत नाही. कारागिरी अफलातून आहे. पण पैसे आपण आवाजाचे मोजत नसून लहानपणाचे मोजत असतो, हे दुकानात कोणी सांगत नाही.

घरी करणारा माणूस नेमका उलटा सौदा करतो. खोकं मोठं घेतो, वीज वाचवतो आणि खर्ज खाली नेतो. खोकं किती मोठं, हा प्रश्न पूर्वी अंदाजाने सुटायचा. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी त्याचं गणित मांडलं, ते जगाने दहाएक वर्षं वाचलंच नाही. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या नियतकालिकात ते पुन्हा छापलं गेलं, पाठोपाठ रिचर्ड स्मॉल यांनी ते पुरं केलं आणि स्पीकर बनवणं तुक्क्यावरून कागदावर आलं. आता विनआयएसडी हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडावं, ड्रायव्हरच्या, म्हणजे खोक्यात बसवायच्या स्पीकरच्या, कागदावरचे एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस असे तीन आकडे त्यात भरावेत आणि वक्ररेषा निघाली की ती घरात सगळ्यांना दाखवावी. कोणी पाहणार नाही. तरी दाखवावी.

समजा पंधरा इंची ड्रायव्हर घेतला आणि बंद खोकं करायचं ठरलं. आतून ४५ सेंटिमीटर लांब, तेवढंच रुंद, तेवढंच उंच, म्हणजे सुमारे ९१ लिटर. १८ मिलिमीटरचा एमडीएफ वापरावा. रिकामं खोकंच सतरा किलोच्या आसपास भरतं. आतले आडवे टेकू आणि ड्रायव्हर धरून तीसच्या पुढे जातं. पुण्यात असाल तर लाकूड भवानी पेठेत आणि टर्मिनल, वायर, स्क्रू तापकीर गल्लीत मिळतात. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच. चांगला ड्रायव्हर मात्र बहुधा बाहेरून मागवावा लागतो. त्याचं लोहचुंबक जड असतं आणि विमानाचं भाडं वजनावर चालतं. स्वस्तात करायला निघालेल्या माणसाचा चेहरा पहिल्यांदा इथे उतरतो.

यानंतर सुतार. मिस्त्रीला नकाशा दिल्यावर तो तीन प्रश्न विचारेल. दार कुठून? आत कप्पे किती? आणि एवढं मोठं भोक पाडायचंच होतं तर पुढची फळी कशाला लावली? शांतपणे उत्तरं द्यावीत. मुख्य गोष्ट एकच सांगावी: यातून हवा कुठूनही जाता कामा नये. तो मान डोलवेल आणि मागच्या बाजूला एक छोटी फट ठेवेल, कारण आजवर त्याने केलेल्या प्रत्येक कपाटाला हवा खेळती लागत आली आहे. फट सापडेपर्यंत प्रत्येक स्फोटाबरोबर शिट्टी ऐकू येईल. सगळे सांधे फेविकॉलने भरून घ्यावेत, ड्रायव्हरच्या कडेखाली फोमची पट्टी द्यावी आणि मिस्त्री निघायच्या आधी चहा पाजावा, पुन्हा लागतो.

खोकं घरात आलं की ‘अहो, हे इथेच राहणार का?’ असा प्रश्न येईल. ‘तात्पुरतं’ असं उत्तर द्यावं. आठवडाभरात आई त्यावर क्रोशाचा रुमाल अंथरतील, वर मनी प्लांट येईल. इथे घरगुती खोक्याने महागड्यावर निर्विवाद मात केली, कारण लाखभर रुपयांच्या पियानो ब्लॅकवर कुंडी ठेवायची कोणाची छाती होत नाही. विकायची वेळ आली की पारडं फिरतं. नामांकित सबवूफरला गिऱ्हाईक मिळतं. तुमच्या खोक्याला भंगारवाला मिळतो आणि तो ड्रायव्हरच्या वजनाचे पैसे देऊन एमडीएफ जिन्यात ठेवून जातो.

इतकं सगळं झाल्यावर दोन्ही पक्षांना खोली हरवते. हॉल साडेचार मीटर लांब असेल तर ३८ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी फुगतो आणि बरोब्बर मध्ये गडप होतो. सोफा कुठे असतो? बरोब्बर मध्ये. त्यातून आपल्या भिंती विटा-सिमेंटच्या. अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या भिंती खर्ज थोडाफार पिऊन टाकतात. आपल्याकडे तो आतल्या आत येरझारा घालत बसतो. म्हणून जागा शोधण्याची सर्वमान्य पद्धत अशी: सबवूफर उचलून सोफ्यावर, स्वतःच्या जागी ठेवावा, संथ खर्जाचं काहीतरी लावावं आणि आपण गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या कडेकडेने फिरावं. जिथे आवाज सगळ्यात एकसारखा वाटेल ती सबवूफरची जागा. रांगताना पाहुणे आले तर रिमोट शोधतोय म्हणावं. ज्यांना रांगणं कमीपणाचं वाटतं त्यांनी मापनाचा माइक आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावं. आणि हार्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये दाखवलं होतं, की समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सबवूफर ठेवले तर खोलीतला चढउतार बराच आवरतो. म्हणून माझं मत विचाराल तर एक महागडा घेऊ नये, दोन मध्यम घ्यावेत. आणि जागा असेल, रंध्याचा आवाज सोसत असेल, तर दोन्ही घरी करावेत. वन बीएचकेत राहणाऱ्यांनी मुकाट्याने विकत घ्यावा.

राहता राहिले शेजारी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ते डेसिबल ‘ए’ मापाचे, कानाच्या कलाने मोजलेले आणि हे माप २० हर्ट्झला जवळजवळ ५० डेसिबल वजा करून टाकतं. म्हणजे त्या सुरात ९० डेसिबलची गुरगुर चालू असली तरी मीटर चाळिशीच दाखवतो. कायदा तुमच्या बाजूने आहे. खालच्या मजल्यावरचे काका नाहीत. त्यांच्या कपाटातल्या कपबश्या ‘ए’ मापाने किणकिणत नाहीत. सुदैवाने ८० हर्ट्झच्या खाली कानाला दिशा लागत नाही, त्यामुळे काका आधी लिफ्टवर संशय घेतील, मग पाण्याच्या पंपावर. सोसायटीच्या सभेत पंप दुरुस्तीचा ठराव येईल. तेव्हा दुसऱ्या रांगेत बसावं आणि ठरावाच्या बाजूने हात वर करावा.